पाणी कोमट आहे ना?

परीक्षा हा शब्द आम्हा सेमिनरीत वाढलेल्या माणसांना नवा नाही. गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकताना किती परीक्षा दिल्या, याची मोजदाद मी कधी ठेवली नाही. काही लेखी होत्या, काही तोंडी. प्राध्यापकांसमोर बसून संस्कारांची व्याख्या सांगताना तळहातांना सुटणारा घाम आजही आठवतो. परंतु मागे वळून पाहताना वाटते की ज्या परीक्षेने मला सर्वांत अधिक शिकविले, तिच्यात मी परीक्षार्थी नव्हतोच. मी पेशंट होतो, आणि तोही खोटा.

2018 सालच्या उन्हाळ्यात मी अडीच महिने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका लहान गावी होतो. तेथील धर्मगुरू प्रकृतीच्या कारणाने रजेवर होते आणि त्यांच्या जागी मी तात्पुरता गेलो होतो. पहिल्याच रविवारी मिस्सानंतर दारात उभा राहून लोकांशी हस्तांदोलन करीत असताना कानावर शब्द आले, “फादर, तुम्ही वसईचे ना?” परमुलखात आपली बोली ऐकली की माणूस क्षणभर गडबडून जातो. मी वळून पाहिले. चाळिशी ओलांडलेली एक भगिनी उभी होती, शेजारी तिचा पती आणि अकरावीत शिकणारी मुलगी. नणंदेने केलेल्या अर्जावर अनेक वर्षे वाट पाहून हे कुटुंब तीन वर्षांपूर्वी तेथे गेले होते. पती एका गोदामात रात्रपाळी करीत असे. ती वसईत बालवाडीची शिक्षिका होती. तेथे तिच्या त्या अनुभवाला काही किंमत नव्हती.

त्याच आठवड्यात त्यांनी मला जेवायला बोलाविले. बोंबलाचे कालवण आणि तांदळाची भाकरी पुढ्यात आली तेव्हा मी पेनसिल्व्हेनियात आहे हे विसरून गेलो. जेवण आटोपल्यावर ती जरा संकोचत म्हणाली, “फादर, एक मागणं आहे. तुम्ही माझे पेशंट व्हाल का?”

मग सारा उलगडा झाला. ती नर्सिंग असिस्टंटच्या परीक्षेची तयारी करीत होती. तिकडे नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचे छोटे खाजगी इस्पितळ नव्हे. ज्यांना आता घरी एकट्याने राहता येत नाही अशा वृद्धांना आणि परावलंबी माणसांना जेथे कायम ठेवून त्यांची शुश्रूषा केली जाते, ते ठिकाण म्हणजे नर्सिंग होम. तेथे आंघोळ घालणे, कपडे चढविणे, भरविणे, कूस बदलून देणे, बेडपॅन देणे ही सारी कामे नर्सिंग असिस्टंट करतात. नर्सचे काम वेगळे असते. रहिवाशाच्या अंगाला दिवसातून सर्वांत अधिक वेळा ज्यांचा हात लागतो, ती ही माणसे. तिचे प्रशिक्षण पूर्ण झाले होते. एकदा ती परीक्षेलाही बसली होती. लेखी भाग सुटला होता, पण प्रात्यक्षिकात ती नापास झाली होती.

“नाडी चुकली, फादर,” ती म्हणाली. एक मिनिट मनगटावर बोटे ठेवून ठोके मोजायचे आणि कागदावर आकडा लिहायचा. परीक्षक स्वतःही मोजतात. दोन्ही आकड्यांत चारपेक्षा अधिक अंतर पडले तर ते कौशल्य गेले. “त्या दिवशी मला समोरच्याची नाडी लागतच नव्हती. माझीच कानात वाजत होती.”

त्या कुटुंबाला तिच्या पगाराची निकड होती. परीक्षा अशी दोनदा आणखी देता आली असती. कायद्याने निदान तीन संधी दिलेल्या आहेत. पण पहिल्या अपयशाने तिचा धीर खचला होता. आजवर मुलगी तिची पेशंट होत असे, परंतु तिच्याबरोबर सराव करताना आईला हसू येई आणि मुलीला कंटाळा. म्हणून आता मुलीने परीक्षक व्हायचे, पतीने टेबल-खुर्च्या सरकवायच्या आणि पेशंट म्हणून मी झोपायचे, असे ठरले. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यातील सोफ्यावर आजारी पडत असे.

वाचकहो, या परीक्षेचे स्वरूप थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यातच माझ्या सांगण्याचा गाभा आहे. अमेरिकेत एके काळी नर्सिंग होममधील वृद्धांची स्थिती अनेक ठिकाणी फार वाईट होती. त्यांना खुर्चीला बांधून ठेवणे हेही नवलाचे नव्हते. 1986 साली तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने या स्थितीवर एक मोठा अहवाल दिला आणि त्यानंतर, 1987 च्या डिसेंबरात, नर्सिंग होमसंबंधीच्या सुधारणांचा कायदा झाला. या कायद्याने वृद्धांचे हक्क लिहून काढले आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली. प्रशिक्षण कमीत कमी 75 तासांचे असले पाहिजे. पुष्कळ राज्ये त्याहून अधिक तास मागतात. या नियमांतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. शिकाऊ व्यक्तीने कोणत्याही रहिवाशाच्या अंगाला हात लावण्यापूर्वी तिला निदान 16 तास काही विषय शिकविलेच पाहिजेत. त्यांत संवाद आहे, संसर्ग टाळणे आहे, सुरक्षितता आहे, माणसाचे स्वावलंबन जपणे आहे आणि त्याच्या हक्कांचा मान राखणे आहे. म्हणजे आधी हक्क शिकायचे, मग हात लावायचा.

परीक्षेचे दोन भाग असतात. लेखी भागात 70 प्रश्न, वेळ दोन तास. इंग्रजी वाचताना अडखळणाऱ्यांसाठी प्रश्न ऐकविण्याचीही सोय असते. दुसरा भाग प्रात्यक्षिकाचा. वीसहून अधिक कौशल्ये शिकलेली असतात. त्यांतील पाच परीक्षेच्या दिवशी वाट्याला येतात आणि पाचही उत्तीर्ण व्हावी लागतात. हात धुणे प्रत्येकाला असतेच आणि एखादे मोजमापही असते. बाकीची कोणती येतील हे आधी कळत नाही. प्रत्येक कौशल्याच्या पायऱ्या छापलेल्या असतात आणि परीक्षक एकेका पायरीपुढे खूण करीत जातात.

पहिल्या संध्याकाळी आम्ही हात धुण्यापासून सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या नळापाशी ती उभी राहिली. मुलगी घड्याळ घेऊन बसली. साबणाचा फेस करून निदान 20 सेकंद हात चोळायचे, बोटे खाली झुकलेली ठेवायची, नखे दुसऱ्या हाताच्या तळव्यावर घासायची, मनगटापासून बोटांकडे पाणी सोडायचे आणि हात पुसून झाले की नवा कोरडा कागद घेऊन त्यानेच नळ बंद करायचा. धुतलेला हात नळाला लागला की सारे व्यर्थ. वेदीपाशी रोज हात धुणारा मी, ते पाहून मनातल्या मनात ओशाळलो. माझ्या बोटांवर वेदीसेवक चार थेंब पाणी ओततो. तो विधी आहे, स्वच्छता नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही 20 सेकंद किती दीर्घ असतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

मग मी सोफ्यावर आडवा झालो. ती दाराबाहेर गेली. दारावर टकटक झाली. “आत येऊ का?” तिने नाव घेऊन मला नमस्कार केला, स्वतःचे नाव सांगितले, आपण काय करणार आहोत ते माझ्याकडे पाहत, सावकाश सांगितले आणि नसलेला पडदा ओढल्याचा अभिनय केला. मला हसू आले. म्हणालो, “अहो, मी इथेच तर आहे, तुम्हीच मला झोपवलंत.” मुलगी गंभीरपणे म्हणाली, “फादर, पेशंटने बोलायचं नाही. आणि पडद्याला मार्क आहे.”

पडद्याला मार्क आहे! ओळख देण्याला आहे, काय करणार ते सांगण्याला आहे, काम झाल्यावर पलंग खाली आणून घंटेचे बटण माणसाच्या हाताशी ठेवण्यालाही आहे. भरविण्याचा सराव झाला तेव्हा मला आधी ताठ बसविण्यात आले. ती माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर बसली. ताटात काय काय आहे ते सांगून तिने विचारले, “आधी काय खाणार?” दोन घासांमध्ये पाणी विचारले. पन्नाशीच्या आसपासच्या मला कोणी भरवीत आहे याची गंमत पहिल्या दोन घासांपर्यंत टिकली. तिसऱ्या घासाला मला जाणवले की भरविणाऱ्याने घाई केली असती तर मी काहीच करू शकलो नसतो.

दुसऱ्या आठवड्यात कपडे चढविण्याचा सराव आला. पेशंटचा उजवा हात दुबळा आहे असे समजायचे. माझ्या सदऱ्यावर एक सैल अंगरखा घालून मला झोपविण्यात आले. तिने दोन शर्ट पुढे धरले आणि विचारले, “यांतला कुठला घालू?” ही पहिली पायरी. काढताना आधी चांगला हात मोकळा करायचा. घालताना आधी दुबळा हात बाहीत न्यायचा, मनगटाला आणि कोपराला आधार देत, कोठेही न ओढता. मग चांगला हात आपोआप मागून येतो. तिने माझा ढिला सोडलेला उजवा हात दोन्ही हातांनी उचलला आणि बाही हळूच वर सरकविली.

तेवढ्यात माझ्या घशात काहीतरी दाटले. मी म्हणालो, “थांबा जरा.” त्यांना वाटले, मला लागले.

मला माझी आई आठवली होती. 2009 च्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडाला, तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. त्यानंतर ती सात महिने अंथरुणाला होती. मी तेव्हा दुसऱ्या धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू होतो. घरी भाऊ आणि वहिनी तिचे सारे करीत. वहिनीने त्या सात महिन्यांत जे केले, ते मी मुलगा असून मला जमले नसते. मी दर सोमवारी जाई. आईला परमप्रसाद देई, तिच्याजवळ प्रार्थना म्हणे आणि त्या एका दिवशी वहिनीला विसावा म्हणून तिचे थोडेबहुत करण्याचा प्रयत्न करी. तिला पोलके चढविताना आम्ही आधी चांगला हात बाहीत घालीत असू, कारण तो सोपा. मग लुळा हात मागे ओढून दुसऱ्या बाहीत कोंबावा लागे. ती कळवळे. तिला बोलता येत नव्हते, फक्त घोगरा आवाज निघे. आम्ही म्हणत असू, “आई, जरा सोस, झालंच आता.” तिचा खांदा दुखतो तो आजाराने, असे आमचे मत होते. बाही उलट्या क्रमाने चढवावी, एवढीच ती गोष्ट होती. ती आम्हांला कोणी सांगितली नाही आणि आम्ही कोणाला विचारलीही नाही.

त्या संध्याकाळी मी हे बोललो नाही. परंतु पुढच्या शुक्रवारी लेखी प्रश्नांची उजळणी घेण्याचे काम माझ्याकडे आले. तिचा तो भाग सुटला होता, पण विषय विसरू नये म्हणून ती प्रश्न सोडवीत असे. मी वाचे, ती उत्तर देई. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस निदान किती तासांनी बदलावी? दोन. अंथरुणाच्या जखमा प्रथम कोठे होतात? जेथे हाड कातडीच्या जवळ असते तेथे. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर. पहिले लक्षण कोणते? बोटाने दाबले तरी न मावळणारी लाली. त्या लालीवर चोळावे का? ती चटकन म्हणाली, “नाही. कधीच नाही. आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं, चोळल्यानं आणखी फाटतं. नर्सला सांगायचं.”

माझ्या हातातील पुस्तक तसेच राहिले.

आईच्या माकडहाडापाशी रुपयाएवढी लाली दिसली होती ती सप्टेंबरात. मीच प्रथम पाहिली. त्या सोमवारी मी खोबरेल कोमट करून त्या जागी बराच वेळ चोळले. रक्त खेळेल, असे मला वाटले. पुढच्या सोमवारीही चोळले, वर पावडर लावली. कोणीतरी सुचविले म्हणून हवा भरलेली रबरी रिंग आणून तिच्याखाली ठेवली. अशा रिंगेने कडेच्या भागावर दाब येऊन मधल्या जागेचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो, हे आज मला कळते. तेव्हा मी ती मोठ्या समाधानाने विकत घेतली होती. नोव्हेंबरात तेथे जखम झाली होती. 2010 च्या जानेवारीत आई गेली तेव्हा ती जखम बुजलेली नव्हती. मृत्यूला अन्य कारणे होती, हे डॉक्टरांनी सांगितले. पण तिचे अखेरचे दोन महिने ज्या वेदनेत गेले, तिला माझ्या या हातांनी, मायेने चोळून, हातभार लावला होता.

आणखी एक गोष्ट आहे. ती सांगणे मला याहून जड जाते. आईचे अंग पुसताना आमच्या खोलीचे दार उघडे असे. शेजारच्या बायका चौकशीला येत, नातलग येत, उंबऱ्यात उभे राहून बोलत. आम्हीही तिच्या देखत, तिच्या अंगावरून, त्यांच्याशी बोलत असू. काल काही खाल्ले नाही, रात्री बिछाना ओला केला, असे सारे. त्या वेळी तिचा डावा हात सारखा चादरीचे टोक ओढत असे. मी वहिनीला म्हणालो होतो, “तिला अस्वस्थ वाटतंय, बहुतेक ताप येतोय.” पेनसिल्व्हेनियातील त्या दिवाणखान्यात, नसलेला पडदा कोणीतरी माझ्यासाठी ओढल्यावर, नऊ वर्षांनी मला कळले की आई काय सांगत होती. जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू न दिलेली ती बाई पडदा मागत होती.

त्या शुक्रवारी मी हे सारे त्या तिघांना सांगितले. धर्मगुरूने लोकांची पापनिवेदने ऐकायची असतात. स्वतःचे असे दिवाणखान्यात बसून सांगण्याची मला सवय नव्हती. माझे बोलणे संपल्यावर काही वेळ कोणी बोलले नाही. मग तिने विचारले, “फादर, तुम्हांला कुणी शिकवलं होतं का?”

“नाही.”

“तुमच्या वहिनींना?”

“नाही.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “माझी आई वसईला अंथरुणाला आहे. ब्युरोची बाई ठेवली आहे. चांगली आहे बिचारी, पण तिलाही कुणी शिकवलेलं नाही. मी इथे दुसऱ्याच्या आईला विचारणार, कुठला कपडा घालू. माझ्या आईला कोण विचारतं?” तिने डोळे पुसले, उठून हात धुतले आणि म्हणाली, “झोपा फादर. कुशीवर वळवायचं राहिलंय.”

या परीक्षेत एक नियम आहे, तो मी तेव्हापासून अनेकांना सांगितला आहे. प्रात्यक्षिक चालू असताना आपली चूक झाली असे परीक्षार्थीच्या ध्यानात आले, तर त्याने परीक्षकांना तसे सांगावे आणि ती पायरी पुन्हा करून दाखवावी. त्यासाठी त्याला नापास करीत नाहीत. काही पायऱ्यांचा क्रमच महत्त्वाचा असतो, तेथे ही सवलत नाही. आणि एकदा ते कौशल्य संपवून पुढचे हाती घेतले की मागची चूक सुधारता येत नाही. प्रायश्चित्त संस्काराची शिकवण देताना मी आजवर पुष्कळ दाखले दिले, पण इतका नेमका दाखला मला सापडला नव्हता. चूक ओळखणे, ती बोलून दाखविणे आणि हात पुन्हा कामाला लावणे, हे सारे वेळ आहे तोवरच. माझी वेळ 2010 मध्ये संपली होती. पण तुमच्यापैकी अनेकांची संपलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आपल्या घरांत एक समजूत खोल रुजलेली आहे की शुश्रूषा ही मायेने आपोआप येते. माया असली की सारे जमते आणि जमले नाही तर माया कमी पडली असे आपण मानतो. सुनेवर, मुलीवर, कधी मुलावर हा बोल आपण किती सहज ठेवतो! मी माझ्या अनुभवाने सांगतो, आमच्या घरी माया कमी नव्हती. कमी होते ते ज्ञान. मायेला हात असतात, पण त्या हातांना शिकवावे लागते. आणि आदरही नुसता मनात असून भागत नाही. अंथरुणावरच्या माणसाला आपला आदर दिसतो तो दारावरच्या टकटकीत, ओढलेल्या पडद्यात, आधी काय खाणार या प्रश्नात. आमच्या प्रवचनांत आम्ही मानवी प्रतिष्ठेविषयी पुष्कळ बोलतो. ती पायऱ्यापायऱ्यांनी शिकविता येते आणि तिची परीक्षाही घेता येते, हे मला एका बालवाडीच्या शिक्षिकेने शिकविले.

नाडीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. दर सरावाच्या अखेरीस ती माझी नाडी मोजे आणि मुलगी दुसऱ्या मनगटावर मोजे. सुरुवातीला दोघींच्या आकड्यांत सात-आठचे अंतर पडे. मी सुचविले, “बोटं ठेवल्यावर लगेच मोजू नका. आधी एक दीर्घ श्वास घ्या. नाडी लागू द्या, मग घड्याळाकडे पाहा.” प्रवचनापूर्वी मी स्वतः तेच करतो. हळूहळू अंतर दोनवर आले, मग एकावर. ऑगस्टच्या मध्यावर ती परीक्षेला गेली. संध्याकाळी फोन आला. पाचही कौशल्ये सुटली होती. मोजमापात या वेळी नाडी नव्हतीच, श्वास मोजायचे होते! “आणि फादर, एक पाऊल धुवायचं आलं होतं. दुसरी एक परीक्षार्थी पेशंट झाली होती. बिचारीचा पाय थरथरत होता. मी तिला विचारलं, पाणी बरं वाटतंय का? तेव्हा ती हसली आणि माझी पण भीती गेली.” राज्याच्या नोंदवहीत तिचे नाव लागले आणि महिनाभरात ती एका नर्सिंग होममध्ये कामाला लागली.

मी परत आलो. आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त परिचारिका आहेत. त्यांना विनंती केली आणि त्यांनी चार रविवार दुपारी सभागृहात घरगुती शुश्रूषेचे धडे दिले. वीसेक जण आले, त्यांत तीन पुरुष होते. ब्युरोतर्फे काम करणाऱ्या दोघी बायकाही आल्या. आपल्याकडेही जनरल ड्यूटी असिस्टंट या नावाने रुग्णसाहाय्यकांचे रीतसर प्रशिक्षण आहे, हे त्यांना प्रथमच कळले. त्यांतील एकीने पुढे ते घेतले. पहिल्या रविवारी पेशंट म्हणून कोणी झोपायला तयार होईना, तेव्हा मी झोपलो. मला अनुभव होता.

पावलाच्या सरावाविषयी मात्र शेवटी सांगायचे ठरविले होते. पाऊल धुण्याच्या पायऱ्या अशा आहेत. पाणी स्वतः तपासायचे आणि मग त्या माणसालाही विचारायचे. पाऊल पाण्यात ठेवायचे, घोट्याला आधार देत उचलायचे, साबणाच्या फडक्याने बोटांच्या बेचक्यांतही धुवायचे, निथळून बेचक्यांसह कोरडे करायचे. लोशन तळव्याला आणि वरच्या बाजूला लावायचे, बेचक्यांत नाही, कारण तेथे ओल राहिली की कातडी चिघळते. शेवटच्या मंगळवारी तिने माझे पाऊल असे धुतले तेव्हा मी मनाशी हिशेब केला. धर्मगुरू झाल्यापासून वीसहून अधिक पवित्र गुरुवारी मी बारा-बारा जणांचे पाय धुतले होते. त्यांतील एकालाही मी कधी काही विचारले नव्हते.

2019 च्या पवित्र गुरुवारी मी गुडघ्यावर बसलो. 2016 पासून पाय धुण्याच्या विधीत स्त्रियांनाही बसविता येते, म्हणून आमच्या बारा जणांत पाच स्त्रिया होत्या. पहिलीच एक आजी होती, ऐंशीच्या घरातील, टाचांना भेगा पडलेल्या. मी तांब्या उचलला आणि हळूच विचारले, “आजी, पाणी कोमट आहे ना?”

आजीने पाण्याला अंगठा लावून पाहिला आणि साऱ्या वेदीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नाही हो फादर. गार आहे.”

वेदीसेवकाला सॅक्रिस्टीत किटलीकडे पाठविले. गायकवृंदाने गीताची कडवी पुन्हा म्हटली. चर्चमध्ये थोडी चुळबुळ झाली. गरम पाणी येईपर्यंत मी आजीचे पाऊल हातात धरून तसाच बसून राहिलो.